वेष आणि अंतःकरण

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें १२ : २०-२३, याकोब २ : १-४, गलतीकरांस पत्र ३ : २७



बहुरूपी कोणास ठाऊक नाहीं? तो फौजदार होऊन दारांत उभा राहतो, खोटाच हुकूम सोडतो, लेंकरें क्षणभर भितात, आणि मग सारे हसून त्याच्या झोळींत पसाभर धान्य घालितात. त्याचा राग कोणास येत नाहीं. कारण तें सोंग आहे हें त्यालाही ठाऊक असतें व आपणांसही ठाऊक असतें. परंतु जें सोंग करणाराच जाणतो व पाहणारा जाणत नाहीं, तें निराळ्या जातीचें. मनुष्य वेषाचा उपयोग कसा करितो, आणि देव त्याकडे कसा पाहतो, याविषयीं आज आपण विचार करूं.

प्रथम, नटाचा वेष पाहूं. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत ग्रीस देशांतील अथेन्स नगरांत, वसंत ऋतूंतील एका मोठ्या उत्सवांत, टेकडीच्या उतारावर हजारों लोक बसून नाटकें पाहत. शोकपर्यवसायी नाटकांत बोलणारे नट बहुधा तीनच असत, व ते सारे पुरुष असत. म्हणून मुखवटा व झगा पालटून एकच मनुष्य घटकेंत राजा, घटकेंत राणी, घटकेंत निरोप्या होई. दूर बसलेल्यांस चेहरा कोठून दिसणार? वस्त्र व मुखवटा यांवरूनच पात्र ओळखावें लागे. अशा नटास ग्रीक भाषेंत ‘हुपोक्रितेस’ म्हणत. नवा करार त्याच भाषेंत लिहिला गेला; आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांत आपल्या प्रभूच्या मुखीं ‘ढोंगी’ म्हणून जो शब्द येतो, तो मूळ हाच होय.

आपल्या महाराष्ट्रांतही वेषाची ही कला मोठी झाली. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं पुण्यास ‘शाकुंतल’ लाविलें. स्त्रियांचीं कामें पुष्कळ वर्षें पुरुषच करीत. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७), ज्यांस लोक बालगंधर्व म्हणत, ते लुगडें नेसून उभे राहिले म्हणजे त्यांची नेसण्याची व दागिने घालण्याची तऱ्हा प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया पाहून उचलीत असत. भारी शालू, अत्तरें, उंची पडदे यांत त्यांनीं हात आंखडला नाहीं. पण त्यांची मंडळी मोठ्या कर्जांत सांपडली.

मी हें नटांस दोष देण्यासाठीं सांगत नाहीं. नट कोणास फसवीत नाहीं. खेळ संपला कीं तो रंग धुतो, झगा खुंटीस टांगतो आणि आपल्या घरीं जातो. ढोंग्याचें तसें नाहीं. तो वेष रस्त्यांत घालितो, प्रार्थनेंत घालितो, दान देतांनाही घालितो, आणि तो उतरवावयाचा असतो हेंच विसरून जातो. याकोबानें एसावाचीं वस्त्रें घालून आंधळ्या बापास फसविलें, पण देवास फसविलें नाहीं. पुढें पुष्कळ वर्षें परक्या घरीं त्यास स्वतःच फसवणूक सोसावी लागली. अहाब राजा वेष पालटून लढाईंत शिरला; तरी सहज सोडलेल्या एका बाणानें त्यास चिलखताच्या सांध्यांत गांठलें. वेष पालटल्यानें मनुष्याची दृष्टि चुकते, देवाची चुकत नाहीं.

दुसरें, मोठेपणाचा वेष पाहूं. जुन्या काळीं जांभळें वस्त्र हें राजांचें व श्रीमंतांचें चिन्ह होतें. तो रंग समुद्रांतील एका जातीच्या शंखांपासून निघे, व एका शंखांत तो थेंबभरच असे. १९०९ सालीं पॉल फ्रीडलेंडर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १२,००० शंख घेऊन पाहिले, तेव्हां त्यास अवघा १.४ ग्रॅम रंग मिळाला. यावरून त्या वस्त्राची किंमत काय असेल तें समजा. प्रेषितांच्या कृत्यांतील लुदिया असल्याच जांभळ्या मालाचा व्यापार करी.

पण वेषाच्या मोठेपणाचा शेवट पाहावयाचा असेल तर कैसरिया येथें चला. इ. स. ४४ सालीं हेरोद अग्रिप्पा राजवस्त्र घालून लोकांपुढें बसला. यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो कीं तें वस्त्र सबंध रुप्याचें विणलेलें होतें, आणि राजा पहांटेस नाटकगृहांत आला तेव्हां उगवत्या सूर्याचे किरण पडून तें असें झळकलें कीं लोकांस धाक पडला. खुशामत करणारे ओरडले कीं हा मनुष्य नव्हे, देव आहे. राजानें त्यांस आवरिलें नाहीं. पोटांत कळा उठल्या, आणि पांच दिवसांत तो मेला. त्या नाटकगृहाचे अवशेष अजून समुद्रकांठीं उभे आहेत. रुप्याच्या वस्त्राचा एक धागाही उरला नाहीं.

आणि बंधूंनो, जसा वेषानें मोठेपणा मिरवितां येतो, तसा वेषानें हीनपणाही लादितां येतो. त्रावणकोर संस्थानांत नाडार जातीच्या स्त्रियांस छाती झांकण्याची मनाई होती. त्यांतील पुष्कळ भगिनी ख्रिस्ती झाल्या, त्यांनीं अंगरखा घातला, तेव्हां त्यांचे कपडे भर बाजारांत फाडण्यांत आले. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १८५९ सालीं राजाज्ञेनें अंग झांकण्याची मोकळीक मिळाली. तरी वरिष्ठ जातींच्या स्त्रियांप्रमाणें वस्त्र घेऊं नये ही अट राहिलीच. आपल्या इकडे १९२७ च्या डिसेंबरांत महाड येथें डॉ. आंबेडकर यांनीं जमलेल्या स्त्रियांस सांगितलें कीं ज्या नेसण्यावरून व दागिन्यांवरून तुमची जात ओळखूं येते तें सोडून द्या. ज्यांच्या आजीपणजीनें असला वेष भोगला, त्यांस याचा अर्थ फोडून सांगावयास नको. दुसऱ्यानें लादलेलें पात्र जन्मभर वठवावें असें देवानें कोणासही उत्पन्न केलें नाहीं.

तिसरें, प्रभूवर चढविलेला वेष. रोमी शिपायांनीं वाड्यांत एक क्रूर नाटक मांडिलें. येशूला जांभळें वस्त्र घातलें, कांट्यांचा मुगुट केला, हातांत वेत दिला, आणि गुडघे टेंकून थट्टेनें नमस्कार केला. त्यांच्या मनांत तें राजाचें सोंग होतें. पण इतर सर्व ठिकाणीं वेष खरा दिसतो व आंतील मनुष्य खोटा निघतो. येथें मात्र वेष थट्टेचा होता आणि आंतील राजा खरा होता! मग त्यांनीं तो वेष काढिला, त्याचीं स्वतःचीं वस्त्रें वांटून घेतलीं, व अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकिल्या. आपलें अंग झांकावें म्हणून तो उघडा टांगला गेला. यास्तव पौल म्हणतो कीं ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांनीं ख्रिस्तालाच परिधान केलें आहे. हें वस्त्र विकत मिळत नाहीं, उसनें मिळत नाहीं, आणि उपासना संपल्यावर पेटींत घालून ठेवण्याचेंही नाहीं.

आतां आपल्या मंडळीकडे वळूं. नाताळच्या व लग्नाच्या कपड्यांसाठीं कर्ज काढणारीं घरें आपल्यांत आहेत कीं नाहींत? एक दिवस मिरवावयाचें, आणि पुढल्या सुगीचें धान्य सावकाराच्या कणगींत! दुसरी गोष्ट याहून दुःखाची. चांगला सदरा नाहीं म्हणून रविवारीं मंदिराच्या बाहेरूनच परतणारा भाऊ, जुनेरें नेसून मागल्या कोपऱ्यांत अंग चोरून बसणारी विधवा, हीं आपल्यांत आहेत. त्यांस कोणीं लाजविलें? आपल्या डोळ्यांनींच लाजविलें. सोन्याच्या अंगठीच्या मनुष्यास पुढें बसवून फाटक्याला खालीं बसविणाऱ्यांस याकोब काय म्हणतो तें घरीं जाऊन वाचा. उपदेशक बंधूंनो, तुमचा पांढरा शुभ्र अंगरखा लोकांस दिसतो. त्याच्या आंतलें मन तुमच्या बायकोस, शेजाऱ्यास व देवास दिसतें.

स्वच्छ राहावें, नेटकें राहावें. त्यांत पाप नाहीं. पण येत्या रविवारीं ज्याच्याजवळ धड वस्त्र नाहीं त्याच्या घरावरून जा, त्याचा हात धरून त्यास आपल्याबरोबर आणा, आणि आपल्या शेजारीं बसवा. तसें केल्यानें तुम्हीं कोणतें वस्त्र घातलें आहे हें गांवास कळेल.

हे देवबापा, आमचें सोंग आमच्यापासून काढून घे, आणि तुझ्या पुत्राच्या नीतीनें आम्हांस झांक. आमेन.