पेत्र पैगंबर का नाही?

लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्या हा जेरुसलेमच्या मंदिरात धूप जाळण्याची पाळी आलेला एक म्हातारा याजक आहे. देवदूताच्या शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही म्हणून त्याची वाचा जाते. मुलगा झाल्यावर ती परत येते, तो देवाची स्तुती गातो आणि कथेतून बाहेर पडतो. कुराणात हाच माणूस झकरिया या नावाने भेटतो, तो थेट पैगंबरांच्या मालिकेत. त्याचा मुलगा याह्या, म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, हाही पैगंबरच. उलट ज्याला रोमचं चर्च आपला पहिला पोप मानतं, तो पेत्र (सेंट पीटर) कुराणात नावानिशी येतच नाही. येशूचे शिष्य तिथे ‘हवारी’ म्हणून एकत्रित येतात. ते स्वतःला अल्लाहचे साहाय्यक म्हणवतात, आकाशातून अन्नाचं ताट उतरवण्याची मागणी करतात, पण त्यांतल्या एकाचंही नाव कळत नाही.

इस्लाम येशूला पैगंबर मानतो, एवढं सांगून आपल्याकडची सर्वधर्मसमभावाची भाषणं पुढे सरकतात. त्यात खोटं काही नाही, पण त्यातून फार कळतही नाही. पैगंबरी म्हणजे नेमकं काय, याचा कस येशूपेक्षा त्याच्या अवतीभवतीच्या माणसांवर जास्त लागतो. ख्रिस्ती परंपरेत अधिकार येतो तो येशूच्या सहवासातून आणि पुनरुत्थानाच्या साक्षीतून, म्हणून पेत्र मोठा. इस्लाममध्ये सहवासाने मान वाढतो, पैगंबरी मिळत नाही. तिथे प्रश्न एकच: देवाचा शब्द कोणाकडे आला? झकरियाकडे आला. पेत्राकडे जे आलं ते येशूमार्फत आलं.

यात बुखारींच्या संग्रहातल्या एका हदीसची, म्हणजे मुहंमदांच्या वचनाची, भर पडते. तिचा आशय असा की मर्यमपुत्र ईसा (येशू) आणि मुहंमद यांच्या दरम्यान कोणी पैगंबर झाला नाही. म्हणजे मधली सुमारे सहा शतकं या बाबतीत रिकामी. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींना हे ऐकून नवल वाटलं असतं. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अंत्युखियाच्या मंडळीत ‘संदेष्टे’ सहज वावरताना दिसतात. अगब नावाचा एक जण जेरुसलेमहून येऊन दुष्काळाचं भाकीत करतो. तिथे संदेश देणं हे मंडळीतल्या कामांपैकी एक काम होतं.

या अंत्युखियातच कुराणाच्या भाष्यकारांची पंचाईत झाली. सूरा यासीनमध्ये एका गावाची कथा आहे. (मृत्युशय्येवरच्या माणसाजवळ यासीन वाचण्याची रीत आपल्याकडच्या मुस्लिम घरांतही आहे, त्यामुळे ही कथा अनेकांच्या कानावरून गेलेली असते.) गावाकडे आधी दोन आणि मग तिसरा असे दूत पाठवले जातात. गाव त्यांना झिडकारतं. गावाच्या टोकाकडून एक माणूस धावत येतो, दूतांचं ऐका म्हणतो आणि मारला जातो. पुढे एका गर्जनेसरशी गाव नष्ट होतं. कुराण ना गावाचं नाव सांगतं, ना माणसांची. पण अनेक जुन्या भाष्यकारांनी गाव अंत्युखिया ठरवलं, दूत येशूचे शिष्य ठरवले आणि धावत आलेल्या माणसाला हबीब नज्जार, म्हणजे हबीब सुतार, हे नाव दिलं. तुर्कस्तानातल्या अंताक्यात, म्हणजे आजच्या अंत्युखियात, त्याच्या नावाची मशीद होती. फेब्रुवारी 2023च्या भूकंपात ती कोसळली.

शिष्य पैगंबर नाहीत, मग आम्ही दूत पाठवले असं देव कसं म्हणतो? येशूने पाठवलं तेही देवाच्याच आज्ञेने, अशी वाट काहींनी काढली. चौदाव्या शतकातल्या इब्न कसीर यांना ती पटली नाही. अंत्युखिया हे तर येशूवर श्रद्धा ठेवणारं पहिलं नगर, ख्रिस्ती धर्मपीठांपैकी एक. ते नष्ट कधी झालं? शिवाय गावकरी दूतांना ‘तुम्ही आमच्यासारखीच माणसं’ म्हणून हिणवतात. हा आक्षेप थेट देवाकडून आलेल्यांवरच घेतला जातो. चर्चचा इतिहास हाताशी घेऊन एक मुस्लिम विद्वान लाडकी दंतकथा मोडीत काढतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्या तीन दूतांच्या नावांत काही ठिकाणी पौलाचंही (सेंट पॉल) नाव सापडतं, हे आज विसरलं गेलं आहे. इब्न इसहाक यांच्या पैगंबरचरित्रातल्या एका नोंदीत तो पेत्राबरोबर रोमला जातो. फक्त एवढी पुस्ती जोडलेली असते की तो अनुयायी होता, हवारी नव्हे. पुढे 1025 साली वारलेल्या अब्द अल-जब्बारांसारख्या लेखकांनी येशूचा धर्म बिघडवणारा म्हणून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आजच्या वादविवादांत तोच पौल चालतो. सोपा आहे म्हणून चालतो.

अवघड प्रश्न येशूच्या आईचा, मर्यमचा होता. कुराणात नावाने येणारी ती एकमेव स्त्री. देवदूत तिच्याशी बोलला, तिला वार्ता दिली. मग ती पैगंबर का नाही? आम्ही पुरुषांनाच पाठवलं या अर्थाच्या आयतींवर बहुसंख्य विद्वानांनी बोट ठेवलं, शिवाय तिला ‘सिद्दीका’, सत्यनिष्ठ, एवढंच म्हटलं आहे हेही दाखवलं. यावर कोर्दोबाच्या इब्न हज्म (994–1064) यांनी दिलेलं उत्तर वकिली थाटाचं आहे. त्या आयतींत पाठवण्याची, म्हणजे लोकांकडे संदेश घेऊन जाणाऱ्या रसूलाची गोष्ट आहे. देवाकडून वार्ता मिळणं हे नबीपण, आणि ते पुरुषांपुरतं ठेवल्याचं कुठे लिहिलंय? युसुफलाही सिद्दीक म्हटलंय, म्हणून त्याची पैगंबरी जाते का? मूसाच्या आईला तान्हं मूल नदीत सोडण्याची आज्ञा आली. ती खात्रीने देवाची नसती, तर मूल नदीत सोडणं हा वेडेपणाच ठरला असता.

हे लिहिणारा माणूस ख्रिस्त्यांना गोंजारणारा नव्हता. शुभवर्तमानांतल्या विसंगतींवर त्याने केलेली टीका मध्ययुगातल्या सर्वांत कठोर टीकांपैकी आहे. तो शब्दार्थाला चिकटून राहणाऱ्या जाहिरी पंथाचा होता. ज्या काटेकोरपणाने त्याने शुभवर्तमानं उलटतपासली, त्याच काटेकोरपणाने तो मर्यमच्या पैगंबरीपर्यंत पोहोचला. शब्दाला चिकटणारे नेहमी संकुचितच असतात, या आपल्या समजाला इथे चांगलाच धक्का बसतो. बहुमत त्याच्या बाजूने गेलं नाही. तरी दोन शतकांनी त्याच कोर्दोबाचे कुर्तुबी यांनी आपल्या कुराणभाष्यात मर्यम नबी होती हेच मत योग्य ठरवलं, आणि ते भाष्य आजही सुन्नी मदरशांत वापरलं जातं.