परमुलूख, श्रम आणि ‘चोरलेली’ जात

परमुलूख माणसाला मोकळे करतो, ही आधुनिक साहित्यातील एक प्रिय कल्पना आहे. गावात माणूस कुळाने ओळखला जातो. कारखान्याच्या दारात त्याचे हात पुरतात. बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा या कल्पनेची कठोर परीक्षा घेते.

नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेले आणि मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पात वाढलेले बागूल रेल्वेच्या नोकरीनिमित्त सुरतेला गेले. तेथे खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील या शीर्षककथेमागे तो अनुभव आहे. कथेतील निवेदकालाही काम मिळते; अडते ते निवाऱ्यापाशी. येथे डॉ. आंबेडकरांचा १९१७ मधील बडोद्याचा अनुभव आठवणे अपरिहार्य आहे. न्यूयॉर्क आणि लंडन येथील वास्तव्यात अस्पृश्यतेची जाणीव पुसली गेलेल्या या विद्वानाला बडोद्यात पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले, आणि ते उघडकीस येताच ती सोडावी लागली. दोन्ही ठिकाणी श्रम स्वीकारले जातात, सहवास नाकारला जातो. जातिव्यवस्था ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे आंबेडकरांचे १९३६ मधील प्रतिपादन औद्योगिक नगरातही खरे ठरते, ते या अर्थाने.

मग ‘चोरी’ कोणाची? लादलेली गोष्ट लपविणे हा अपराध कसा ठरावा? सत्यकथनाचे कर्तव्य, ऐकणारा आपल्याला माणूस म्हणून वागवील या हमीवर उभे असते. ती हमीच नसेल तर लपविणे क्षम्य म्हणावे लागेल. परंतु बागूल एवढ्यावर थांबत नाहीत. आपली जात उघड सांगणाऱ्या काशिनाथ सकपाळला त्यांनी निवेदकाशेजारी उभे केले आहे. काशिनाथ संघर्ष अंगावर घेतो. लपलेला निवेदक तितक्या मोकळेपणाने त्याच्या बाजूस उभा राहू शकत नाही. पुढे बिंग फुटून निवेदकाला मार बसतो तेव्हा धावून येतो तो काशिनाथच. म्हणजे लपविण्याचे समर्थन घरमालकासमोर करता येते, सोबत्यासमोर ते लटके पडते. ‘चोरली’ या क्रियापदाचे नैतिक वजन मला येथे जाणवते.

परमुलखाने बागुलांना मोकळीक दिली नाही. स्वतःच्या नावाकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची सक्ती केली. त्या सक्तीतून ही कथा घडली. दलित कथेला ‘अनुभवाची प्रामाणिक नोंद’ म्हणून गौरविणाऱ्या समीक्षेने एवढे ध्यानात घ्यावे, की या कथेत प्रामाणिकपणा हाच विवाद्य विषय आहे.