मृगया आणि भूक



आजचं वाचन महाभारताच्या वनपर्वातलं: धर्मव्याधाची कथा. कौशिक नावाचा तपस्वी धर्म शिकायला मिथिलेला जातो आणि गुरू भेटतो तो मांसाच्या दुकानात! हा व्याध स्वतः जनावर मारत नाही, मांस खातही नाही, पण विकतो. वर कौशिकालाच विचारतो, शेतीला तुम्ही चांगलं म्हणता, मग नांगराखाली किती जीव मरतात?

वाचताना नंदुरबार जिल्हा डोळ्यांसमोर येतो. अक्कलकुवा, धडगावकडचा सातपुडा, तिथले भिल्ल आणि पावरा. तीरकामठा घेऊन पोटासाठी ससा, तितर, रानडुक्कर मारणं ही तिथली जुनी रीत. शहरात बसून आपण पटकन म्हणतो, हिंसा करणाऱ्याची कसली भक्ती?

पण ग्रंथांत शिकारीपायी शाप कोणाला भोगावा लागला बघा. पंडूला, दशरथाला. परीक्षिताचंही बिनसलं ते शिकारीच्याच दिवशी. तिघेही राजे, घरी अन्नाला तोटा नाही. मनुस्मृतीत मृगया राजाच्या व्यसनांत येते, जुगार आणि दारूच्या पंगतीला. खानदेशात अशी मृगया साहेबानेही केली. 1825 मध्ये इथे भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स आउट्रम वाघांच्या शिकारीसाठी नावाजला गेला. त्याची ती मर्दुमकी, आणि भिल्लाने ससा मारला की रानटीपणा!

तरी एक गोष्ट मला टोचते. रामायणातला निषाद काही राजा नव्हता. त्याने क्रौंच मारला तेव्हा त्याला भूक होती का, हे वाल्मीकी विचारत नाहीत. त्यांना फक्त मागे राहिलेल्या क्रौंचीचा आक्रोश ऐकू येतो. म्हणजे भूक खरी असली तरी मरणाऱ्याचं दुःख कमी होत नाही.

कायद्याने हा गुंता आपल्या परीने सोडवलाय. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे पारंपरिक हक्क मानले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. निकोबारच्या जमातींना मात्र सूट आहे. युरोपीय संघानेही 2009 मध्ये सील माशांच्या (मासा नव्हे खरं तर, सस्तन प्राणी) मालावर बंदी घालताना इन्युइट लोकांना वगळलं. सातपुड्यातली बंदी मला पटते, कारण जंगल आणि जनावरं दोन्ही विरळ झालीत. पण ती काही एकट्या तीरकामठ्याने विरळ केलेली नाहीत. रस्ते, धरणं, शेतं यांत आपलाही वाटा आहे.

एकादशीच्या खिचडीतले शेंगदाणेच घ्या. ते ज्या शेतातून येतात तिथे रात्री रानडुकरं शिरतात, आणि कोणीतरी जागून त्यांना हाकलतं, कधी मारतंही. आपल्या ताटात मात्र त्यातलं काहीच दिसत नाही. ‘मी शाकाहारी’ म्हणताना धर्मव्याधाचा तो प्रश्न मला इथे गाठतो.

उद्या कथेचा पुढचा भाग: व्याध कौशिकाला घरात नेऊन आपले देव दाखवतो, म्हणजे म्हातारे आईवडील.