प्रश्न न विचारण्याची नीती

गर्भारपणासाठी मराठी भाषेने दोन निराळे शब्दसंग्रह जपले आहेत. एकात डोहाळे आहेत, चोरचोळी आहे, ओटीभरण आहे. दुसऱ्यात ‘पाऊल वाकडे पडले’, ‘पोट राहिले’ असे शब्दप्रयोग आहेत. शरीरात घडणारी घटना एकच; परंतु पहिल्या ठिकाणी स्त्रीला काय हवे ते विचारले जाते, दुसऱ्या ठिकाणी तिने काय केले ते. चोरचोळीतही गुप्तता असतेच. ती गर्भाला दृष्ट लागू नये म्हणून. दुसरी गुप्तता स्त्रीलाच दृष्टीआड करते. अनपेक्षित गर्भाचा नैतिक प्रश्न या दोन गुप्ततांमधील अंतरात दडलेला आहे.

1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्यामागे काशीबाई या तरुण ब्राह्मण विधवेची कहाणी होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले आणि त्याने जबाबदारी झटकली. तिने अर्भक मारून विहिरीत टाकले; न्यायालयाने तिला अंदमानास धाडले. कायद्याला गुन्हा दिसला, समाजाला पाप दिसले. गर्भारपणाचे ते नऊ महिने मात्र कोणालाच दिसले नाहीत. फुल्यांच्या गृहाने नेमके तेच महिने आपले मानले. येणाऱ्या विधवेने गुप्तपणे बाळंत व्हावे. मूल न्यावे की तेथेच ठेवावे, हे तिच्या इच्छेवर सोपविले होते. 35 गर्भवती विधवा तेथे आल्याची नोंद जोतीरावांनी 1884 च्या टिपणात केली आहे.

अशा आश्रयाने अनीतीस उत्तेजन मिळते, हा आक्षेप जुना आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांनाही तो ऐकावा लागला. या आक्षेपाचे गृहीतक असे, की भय माणसास सन्मार्गावर ठेवते. परंतु भयाने गर्भधारणा थांबत नाही. भयाने स्त्री दवाखान्याच्या उंबरठ्यावर थांबते. काशीबाईला भय कमी नव्हते.

आज स्थिती पालटली आहे. 1971 च्या कायद्याने, त्यातील 2021 च्या दुरुस्तीने आणि अविवाहितेस वगळता येणार नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 मधील निर्णयाने गर्भपाताचा मार्ग रुंदावला. मात्र जी गर्भ ठेवते, किंवा जिला तो ठेवणे भाग पडते, तिच्या प्रसूतिपूर्व तपासण्यांचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने 2016 पासून किमान आठ भेटी सुचविल्या आहेत. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत किमान चार तपासण्या झालेल्या माता सुमारे 58 टक्के होत्या. जगातील जवळपास निम्म्या गर्भधारणा अनपेक्षित असतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने 2022 मध्ये सांगितले. तपासण्यांचे वेळापत्रक मात्र असे मानून चालते, की स्त्रीला आरंभीच गर्भ कळतो आणि तो सांगण्यात तिला संकोच नसतो.

‘कितवी खेप?’ हा प्रश्न वैद्यकाला विचारावाच लागतो. उपचारासाठी विचारला तर तो शुश्रूषेचा भाग होय. तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या विवाहितेस उपरोधाने विचारला तर तो निवाडा होय. मातृवंदना योजनेचे अर्थसाहाय्यही पहिल्या अपत्यापुरते, आणि दुसरी मुलगी असेल तरच तिच्यापुरते आहे. धोरणाला अशी गणना करण्यास कारणे असतील. शुश्रूषेला तसे कारण असू शकत नाही.

त्या गृहात जन्मलेला यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगात त्याने रुग्णांची सेवा केली. हे उदाहरण मोहक आहे, म्हणूनच जपून वापरले पाहिजे. यशवंत डॉक्टर झाला म्हणून त्याच्या जन्मदात्रीला आश्रय देणे योग्य ठरले, असे नव्हे. इतर मुलांची नावे आपल्या स्मरणात नाहीत. त्यांच्या मातांचा त्या खाटेवरील अधिकार तितकाच होता. शुश्रूषा हे गुणांचे पारितोषिक नव्हे. ती आधी द्यावयाची असते; प्रश्न, विचारावयाचेच असतील तर, नंतर.