सयपाकघराचं छत

वयनीचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या घरी गच्चीवर होतो. "भाऊजी, लकडगंजातून त्या पट्ट्याईचा भाव काढून ठेवा जी. सयपाकघराले वरून लावाच्या हायेत." पट्ट्या म्हणजे पीव्हीसीच्या. हल्ली कोणत्याही हॉटेलात, दवाखान्यात डोक्यावर दिसतात त्या, संगमरवरासारख्या चकचकीत. मी हो म्हणालो आणि आठ दिवस लकडगंजाकडे फिरकलो नाही.

आमचं गाव उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या अंगाला. बाबांनी बांधलेलं कवेलूचं घर. भाऊ गेल्यापासून तिथं वयनी एकटीच राहते. अर्धं घर माझ्या नावावर आहे, म्हणून तिनं विचारलं. नसतं तर विचारलंही नसतं.

त्या सयपाकघराची मयाल आणि फाटे काळेभोर आहेत. साठ वर्षांची काजळी. बोट फिरवलं तर डांबरासारखं चिकटतं. मायनं मक्याची कणसं, लसणाच्या जुड्या, बियाण्याच्या गाठोड्या तिथंच टांगल्या. धुरानं कीड लागत नसे, लाकडालाही नाही. मयालीला एक लोखंडी आकडा आहे, त्याला दही-दुधाचं शिंकं असायचं. दिवाळीत नागपूरचे मित्र नेले की मी त्यांना आधी तिथं नेत असे. "हे पाहा, हे खरं घर," असं म्हणत असे. एकदा त्या काळ्या मयालीवर मी लेखही लिहिला. पत्रं आली, लोकांना गहिवरून आलं.

म्हणून मी कारणं शोधली. नववा दिवस उजाडला तसा गावी गेलो आणि वयनीला सांगितलं, हे प्लास्टिक आहे. पेटलं तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड नावाचा विषारी वायू निघतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वरची हवा कोंडेल. पट्ट्यांवर उंदीर धावतील, साप येतील. यातलं एकही खोटं नव्हतं. पण मी ते खरं होतं म्हणून बोलत नव्हतो, माझ्या कामाचं होतं म्हणून बोलत होतो. खोटं बोलणारा निदान मनात कुठं तरी कचरतो. खऱ्याच्या आड उभं राहून आपला हेका चालवणाऱ्याला तेवढंही कचरावं लागत नाही. ही गोष्ट मला त्या दिवशी कळली नाही, उशिरा कळली.

वयनीनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, मिरची भाजली का तुमाले ठसका लागे, तुम्ही अंगनात पयत होते. मी कुठं पयू? तुमी वरचं काळं पाहून राहिले. तेच काळं माह्या छातीत हाय. तुमचं पाह्याचं हाय, माहं खाल्लेलं हाय."

नंतर ती खोकली. त्या खोकल्याची आम्हाला इतकी सवय झाली आहे की तो ऐकू येत नाही. माय पण तशीच खोकायची. आम्ही म्हणायचो, मायचा खोकला जुना आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२० साली घरातल्या धुरापायी जगात ३२ लाख माणसं मेली. हा आकडा मी वर्तमानपत्रात वाचला होता आणि पान उलटलं होतं. गॅस आमच्याकडे उज्ज्वला योजना आली त्याच्या दुसऱ्या वर्षी आला, म्हणजे २०१७ साली. तोवर वयनीची चुलीपुढची तीस वर्षं झाली होती. मयालीवरची काजळी तेवढी वाचली होती, ती मी जपायला निघालो होतो.

सेवाग्रामला बापूकुटी पाहायला गेलं की माणूस हळू बोलायला लागतो. माती, बांबू, कवेलू, बस्स. मलाही तिथं बरं वाटतं. पण गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले ते ठरवून आले. वयनी ठरवून चुलीपुढं बसली नव्हती. आणि नागपुरात महालात जुने वाडे आहेत, त्यांतल्या लाकडी तक्तपोशीचे आपण फोटो काढतो. तीही वरचं झाकायलाच असते की! तिला कोणी खोटी म्हणत नाही. मग वयनीनं हौसेनं निवडलेली सोनेरी रेघेची पट्टी तेवढी मला खोटी का वाटावी? स्वस्त आहे म्हणून? याचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही. ती पट्टी मला आजही आवडत नाही, हेही सांगून टाकतो.

लकडगंजातून माल घेतला. खोली १० बाय १२. पट्टी १० फूट लांब, १० इंच रुंद. माझ्या आगीच्या शंकेचा फिटरनं एका वाक्यात निकाल लावला: ओट्याच्या वर अडीच फूट सिमेंटची शीट टाकू. मग १२ पट्ट्या पुरल्या. हवेसाठी दोन्ही टोकांना जाळी ठेवली. म्हणजे माझ्या सगळ्या आक्षेपांची किंमत एक शीट आणि दोन जाळ्या.

पोऱ्या सांगाडा ठोकायला निघाला तशी वयनीनं त्याला अडवलं. "आधी काजळी खरवडा. झाकाचं म्हनून घान ठेवाची का?" तो म्हणाला, हे आमच्या कामात येत नाही. मग मी स्टुलावर चढलो. तोंडाला दुपट्टा बांधला, हातात खुरपं. दुपारपर्यंत अर्धी मयाल झाली. खाली वयनी घमेलं धरून होती, काजळी तिच्या केसांवर पडत होती. तिला मी बाहेर जायला सांगितलं, ती गेली नाही. दोन दिवस मी काळं थुंकलो. वयनीनं गूळ दिला, हसली, म्हणाली, "लिहा आता."

तिसऱ्या दिवशी सांगाडा चढला. मयालीचा आकडा पट्टीच्या आड येत होता. फिटरनं कटर लावलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"काका, हे कापू का?"

माझ्या तोंडाशी 'राहू दे' आलं होतं.

"काकूले विचार," मी म्हणालो.

वयनी ओसरीतून आली, वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काप," म्हणाली. "पन तुकडा फेकू नको, मले दे."