झाकली मूठ

घरातलं दुखणं चव्हाट्यावर आणू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. मूठ फार काळ आवळून धरली की आपलीच नखं आपल्या तळव्यात रुततात, हे मात्र ही म्हण सांगत नाही.

फलटणच्या बेबीताई कांबळे छोटंसं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचता वाचता त्या लिहू लागल्या. नवऱ्याच्या धाकाने ते लिखाण त्यांनी सुमारे वीस वर्षं लपवून ठेवलं. मॅक्सीन बर्नसन या अभ्यासक बाईंनी आस्था दाखवली, तेव्हा ते कागद बाहेर आले. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं. त्यात साऱ्या वस्तीचं दुःख आहे, बायकांनी खाल्लेला मार आहे. नवऱ्याने स्वतःला केलेल्या मारहाणीबद्दल मात्र त्या मोकळेपणाने बोलल्या, ते २००८च्या इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीत.

‘इतकी वर्षं गप्प का बसलीस?’ हा आपला ठरलेला प्रश्न. वर तो मारणाऱ्याला नाही, मार खाणारीला विचारायचा! मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात सावरण्याचे टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं. म्हणजे पायाखालची जमीन घट्ट झाल्याशिवाय शब्द फुटत नाहीत. दार आपटलं तरी दचकणं, रात्री झोप न लागणं, ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ हे मनात घोळत राहणं, हा मनाचा दुबळेपणा नव्हे. धोक्यात शिकलेली सावधगिरी धोका टळला तरी लगेच सुटत नाही.

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणणं सोपं असतं, कारण त्यात सुटका आपली होते, ऐकण्याच्या कष्टातून. ‘माफ करून टाक’ हा सल्लाही तसाच. माफी द्यायची की नाही, हे जिने सोसलं तिने ठरवायचं. आपलं काम साधं, पण वेळ घेणारं: तिच्यावर विश्वास ठेवायचा, कानावर आलेलं चार घरी न्यायचं नाही, गरज असेल तर समुपदेशकाकडे किंवा वकिलाकडे सोबत जायचं.

आवळलेली मूठ दुसऱ्याने ओढून उघडली तर बोटं दुखावतात. सोसलेली बाई स्वतःहून एकेक बोट सोडेल तेव्हा घाई न करता शेजारी बसून राहणं, एवढं आपल्याला जमायला हवं.