साऊथचं व्हायोलिन

१९३७ साली पॅरिसमध्ये तिघांनी बाखच्या दोन व्हायोलिनच्या डी मायनर कन्चेर्टोची पहिली मूव्हमेंट स्विंगमध्ये रेकॉर्ड केली. व्हायोलिनवर एडी साऊथ आणि स्टेफान ग्रापेली. बाखने अख्ख्या वाद्यवृंदाला दिलेलं काम जँगो राइनहार्टच्या एकट्या गिटारकडे. (१९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, तरी!) दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये तर तिघंही बाखपासून बरेच लांब जातात.

कॉलेजात मी हे सगळ्यांना ऐकवत सुटायचो. म्हणायचो, स्वातंत्र्य ते हे! मग साऊथबद्दल वाचलं. शास्त्रीय व्हायोलिनचं पक्कं शिक्षण, पण कृष्णवर्णीय. तेव्हाच्या अमेरिकेत सिंफनी ऑर्केस्ट्राचं दार त्याला बंद. म्हणून जॅझ.

म्हणजे मी ज्याला बंडखोरी समजत होतो, ती नाइलाजातून आलेली असू शकते. तो अन्याय नसता तर कदाचित हे रेकॉर्डिंगही नसतं, आणि मला तर ते हवंय. मग मी नक्की कशाच्या बाजूने आहे? त्याची कीव करणंही खोटंच. इतकं मोकळं वाजवणाऱ्याला माझी कीव कशाला?

काल रात्री इअरफोन लावून पुन्हा ऐकलं. या वेळी फक्त सुरुवातीचा, बाखने लिहिलेला भाग, दोन व्हायोलिनांतलं त्याचं कुठलं ते शोधत.